शेवटच्या गाडीच्या बाजूने

मोटारींच्या शर्यती बघणारी माणसं जगात कोट्यवधी असतील, पण सगळ्यात मागे राहणाऱ्या गाडीसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसं फार तर दोनच सापडतील. एक त्या गाडीच्या ड्रायव्हरची आई आणि दुसऱ्या झाशीच्या प्रेम नगरातल्या माझ्या घरमालकीणबाई. त्यातही आईबद्दल मी खात्री देऊ शकत नाही. बिचारी कधीतरी थकून झोपत असेल. बाई कधीच थकल्या नाहीत.

मी मूळची सांगलीची. विम्याच्या कचेरीत नोकरी, आणि बदली झाली ती थेट झाशीला, इलाइट चौराह्यावरच्या शाखेत. खोली शोधत प्रेम नगरात त्यांच्या दारापाशी पोचले, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आतून एक बाई जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "भाग लल्ला, भाग! अरे मागे नको बघू, मागे कोणी नाहीये!" घरातलं लहान मूल गच्चीच्या कठड्यावर चढलंय की काय, अशा समजुतीने मी चपला न काढताच आत धावले. आत मूल नव्हतं. टीव्हीवर रंगीबेरंगी गाड्या गरगर फिरत होत्या आणि समोर पांढऱ्या साडीत, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या, साठी उलटलेल्या एक बाई मुठी आवळून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "खोली वर आहे, हवा छान येते, पाणी सकाळी येतं. बाकी सगळं रेस संपली की बोलू." मी मराठीत "बरं" म्हटलं, तशी त्यांनी एक क्षण मान वळवली. "मराठी आहेस? मग बस. तिथे नको, ती कुर्सी मनहूस आहे."

बाईंचं घराणं झाशीत इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की कोण कोणाबरोबर आणि कुठल्या फौजेतून आलं, हे सांगताना त्या दर वेळी वेगळा पूर्वज पुढे करत. त्यांच्या मराठीत ओगराळं, फडताळ, तसराळं असे माझ्या आजीबरोबर गेलेले शब्द अजून रोज वापरात होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून बिलकुल, फिकीर, खटारा ही मंडळीही नांदत होती. "फडताळातलं तसराळं निकाल आणि फटाफट पीठ मळ," असं वाक्य मी जगात दुसरीकडे कुठेही ऐकलेलं नाही.

नोकरी त्यांनी मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून केली. शेवटच्या गाडीवरच्या प्रेमाचं मूळ तिथेच होतं. क्रीडादिनाला पहिल्या तीन मुलींना शाळा कप देई; सर्वांत शेवटी पोचणाऱ्या मुलीला बाई स्वतःच्या डब्यातला पेढा देत. त्यांचं म्हणणं असं की पहिली येणारी धावते तेव्हा सगळं मैदान तिच्याकडे बघत असतं, पण शेवटची धावते तेव्हा लोक सतरंज्या गुंडाळायला लागलेले असतात. तरी जी पोचते तिला काहीतरी गोड मिळायला नको? विचार थोर होता. परिणाम असा झाला की पुढल्या वर्षी पेढ्याची बातमी शाळाभर पसरली आणि शंभर मीटरची शर्यत संपेचना. सगळ्या मुली शेवटच्या रेषेच्या अलीकडे येऊन "पहले आप" करत उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मैडम, पेढे वाढवावे लागतील."

मोटारींच्या शर्यती त्यांच्या आयुष्यात आल्या निवृत्तीनंतर, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. पाय उशीवर, रिमोट कुठेतरी गादीखाली, आणि टीव्हीवर त्या गाड्या. "मला आधी वाटलं यांना रस्ता सापडत नाहीये," त्या सांगत, "बिचारे पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात." मग त्यांना दिसलं की एक गाडी बाकीच्यांच्या पुष्कळ मागे, एकटीच, पण तेवढ्याच गांभीर्याने चालली आहे. त्या ड्रायव्हरचं नाव कुठल्या तरी थंड मुलखातलं होतं. "इतकी अडचणीची अक्षरं आईबापांनी एका ठिकाणी ठेवलीच कशी?" असं म्हणून बाईंनी ते नाव बाद केलं आणि त्याचं नाव ठेवलं लल्ला. बुंदेलखंडात घरातल्या लाडक्या पोराला लल्ला म्हणतात. हा लल्ला सहा फुटांहून उंच होता आणि त्याला दाढी होती, पण बाईंना त्याने फरक पडला नाही. बाकीच्यांचीही त्यांनी अशीच बारशी केली. जो नेहमी पहिला येई आणि ज्याला बघून बाकीचे बाजूला सरत, तो दारोगा. जो कॅमेरा दिसला की हेल्मेट काढून केस सारखे करी, तो दूल्हेराजा. लल्ला कधीच कुठे पोचला नाही, पण तो गाढव आहे असं कोणी म्हटलं की बाई खवळत. "तो बिलकुल हुशार आहे. गाडी खटारा दिलीये त्याला."

स्वतः बाई स्कूटी चालवत, आणि झाशीत त्यांना मागे टाकलं नाही असं एकही वाहन नसेल. सीपरी बाजारात सायकली त्यांच्या पुढे जात. एकदा तर एक लिंबूवाला आपली हातगाडी ढकलत त्यांना उजवीकडून ओलांडून गेला, आणि वर "मैडम जी, नमस्ते" म्हणून गेला. पण घरी येऊन त्यांचं वर्णन ऐकावं तर अंगावर काटा यावा. "चौराह्यावर ऑटोने आतून घुसायचा प्रयत्न केला. मी जागाच नाही दिली. मग ब्रेक उशिरा लावला आणि वळण अस्सं कापलं!" पंपावरच्या हवावाल्याला त्या आभाळाकडे बघून सांगत, "आज सडक गरम है, थोड़ी कम भरना." तो बिचारा एकदा हात जोडून म्हणाला, "मैडम जी, स्कूटी है कि हवाई जहाज?"

शर्यतीच्या दिवशी घरात कडक शिस्त असे. लल्लाचं काही बरं चाललेलं असताना जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं, हा मुख्य नियम. मी एकदा शिंकायला म्हणून बाहेर गेले आणि लल्लाची गाडी भिंतीवर आपटली. पुढचे आठ दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं झालं.

त्यांना एक धाकटा भाऊ आहे आणि सीपरी बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान आहे, एवढं मला ठाऊक होतं. पण भाऊ कधी घरी आलेला मी पाहिला नव्हता, आणि बाईंना नवी कढई हवी होती तेव्हा त्या सीपरी बाजाराला वळसा घालून भलतीकडे गेल्या होत्या. समोरच्या चौबे भाभींनी मला हळूच सांगितलं, "बोलचाल नईं है, बिन्नू. भतीजे के ब्याह से." त्यापुढे त्यांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावर काही विषयांपुढे शाळेच्या फाटकासारखं काहीतरी बंद होत असे.

आणि मग ती पावसातली शर्यत आली. पाऊस तिकडे, बरं का. इकडे झाशी तव्यासारखी तापली होती. संध्याकाळ झाली तरी भिंतींना हात लावता येत नव्हता आणि कूलर गरम वाफा ओकत होता. टीव्हीवर मात्र काळेभोर ढग. शर्यत सुरू झाली तेव्हा रस्ता कोरडा होता आणि लल्ला नेहमीप्रमाणे सर्वांच्या मागे. थोड्याच वेळात चार थेंब पडले. आता, कोरड्या रस्त्याची टायरं गुळगुळीत असतात आणि पावसाची खाचा पाडलेली, एवढं बाईंच्या कृपेने मलाही कळू लागलं होतं. बाकी कोणी हललं नाही, लल्ला मात्र एकटाच आत जाऊन पावसाची टायरं लावून आला. समालोचक हसले. रस्ता अजून बराच कोरडा, त्यामुळे लल्लाची गाडी बैलगाडीसारखी दिसू लागली. "हसा," बाई टीव्हीला म्हणाल्या, "हसून घ्या."

आणि आभाळ फाटलं. कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचे लोट, गाड्यांच्या मागे पांढऱ्या भिंती उसळलेल्या. दारोगा पहिल्याच वळणावर सरळ गेला. म्हणजे रस्ता वळला आणि दारोगा वळला नाही. तो वाळूत जाऊन रुतला. दोघे एकमेकांना धडकून फेर धरल्यासारखे फिरले. एक जण आपल्या माणसांपाशी टायर बदलायला घाईत शिरला तर तिथे भलत्याच टीमची माणसं उभी! आणि या सगळ्या लग्नघरच्या गोंधळातून लल्ला शांतपणे, तांदूळ निवडल्यासारखा, एकेक गाडी बाजूला सारत पुढे येत होता. बारावा. नववा. सहावा. चौबे भाभी विरजणासाठी वाटी घेऊन आल्या होत्या, त्या खोलीच्या मधोमध वाटी पुढे धरलेल्या अवस्थेत गोठवल्या गेल्या. मी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला होता. "दार बंद नको करू!" बाई ओरडल्या. "तू दार उघडलंस तेव्हाच तो चौथा झाला!" मी फ्रिजपुढे उभी राहिले. माझी अजिबात तक्रार नव्हती.

लल्ला दूल्हेराजाच्या मागे लागला. आता पुढे फक्त दूल्हेराजा. आणि त्याच वेळी दाराशी चाहूल लागली. पांढरा सदरा घामाने भिजलेले, बाईंसारखंच नाक असलेले एक गृहस्थ उंबऱ्यावर उभे होते. एक बूट काढलेला, दुसरा पायात, हातात मिठाईचा डबा. ते घसा साफ करून म्हणाले, "अक्का, मी बसायला नाही..."

टीव्हीवर दूल्हेराजा पाण्यात घसरून गर्रकन उलटा फिरला आणि लल्ला त्याच्या शेजारून पुढे निघून गेला. पहिला! आमचा लल्ला पहिला!

"बापू, हलू नकोस!" बाई किंचाळल्या.

कित्येक वर्षांनी दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. साठीला टेकलेले, दुकानात चार नोकरांना दरडावणारे बापू एक पाय उचललेल्या स्थितीत तसेच थांबले. लहानपणी कधी तरी तो आवाज त्यांच्या हाडांत जाऊन बसला असावा.

तेवढ्यात लाल झेंडा दाखवला. पाऊस इतका वाढला की शर्यत थांबवली. सगळ्या गाड्या एका पिवळे दिवे लावलेल्या गाडीमागे निमूट रांगेने येऊन उभ्या राहिल्या, सर्वांत पुढे लल्ला. आता ही शर्यत पुन्हा सुरू होईल तेव्हा होईल. आम्हाला वाटलं, सुटलो. भाभींनी विचारलं, "काए जिज्जी, अब हल जाएँ?"

"बिलकुल नाही," बाई म्हणाल्या. "पाऊस थांबेपर्यंत सगळे जिथल्या तिथे."

पाऊस थांबायची काही चिन्हं नव्हती. तिकडे छत्र्या घेऊन लोक फिरत होते, इकडे आम्ही चौघं पुतळे. बापूंना दुसरा पाय टेकायची सूट मिळाली, मला फ्रिजचं दार लोटायची, पण हात मुठीवरून काढायचा नाही या अटीवर. भाऊबहीण एकमेकांकडे बघत नव्हते. बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं.

"यांना सांगा," बापू माझ्याकडे बघत म्हणाले, "नात झाली आम्हाला. पुढच्या रविवारी बारसं. घरच्यांनी सांगितलं, सांगून ये. म्हणून आलो."

"त्यांना विचार, मूल कोणासारखं आहे," बाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या.

"सांगा, रडते तेव्हा हिच्यासारखी. सगळी गल्ली ऐकते."

भाभींना हसू आलं आणि वाटी हलली, त्याबद्दल त्यांना एक जळजळीत नजर मिळाली. टीव्हीवर ती मघाची रांग पुन्हा दाखवत होते. मागून दवाखान्याची गाडी आली आणि सगळ्या गाड्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

"बघा," बाई अगदी हळू म्हणाल्या. "ते तरी वाट देतात."

बापूंनी विचारलं, "म्हणजे?" आणि या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"काही नाही."

"अक्का, म्हणजे काय?"

मग कळलं ते असं. बापूंच्या मुलाची वरात निघाली होती, नवरदेव घोडीवर, बँड जोरात, आणि नाचणाऱ्यांनी सगळी सडक अडवलेली. मध्येच बाईंनी कमरेची शाळेची शिट्टी काढून जीव खाऊन फुंकली. वऱ्हाड थांबलं, पण घोडी बिचकली, आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट बँडवाल्यांच्या दिव्यांच्या गाडीत जाऊन पडला. व्याह्यांसमोर बापूंची अब्रू गेली. ते सगळ्यांदेखत ओरडले होते, "अक्का, ही शाळा नाहीये! जा घरी!" आणि बाई गेल्या होत्या.

"मागे अँब्युलन्स उभी होती," बाई म्हणाल्या. "त्या बँडच्या आवाजात तिचा भोंगा कुणाला ऐकू येत नव्हता. आत एक पोरगी होती. माझ्या शाळेतलीच असेल असं वाटलं मला. खिडकीतून तिची आई हात हलवत होती."

बापू त्यांच्याकडे वळले. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस? जा म्हणालास. गेले."

मला फ्रिजच्या आत डोकं घालावंसं वाटलं. भाभी साडीच्या पदराने डोळे टिपू पाहत होत्या, पण हात हलवायची परवानगी नसल्यामुळे नुसत्याच नाक ओढत राहिल्या. आणि नेमकं तेव्हाच, अगदी नेमकं तेव्हाच, शर्यत पुन्हा सुरू झाल्याचा झेंडा पडला, आणि बाईंनी डोळे पुसून "भाग लल्ला!" अशी आरोळी ठोकली.

लल्ला पळाला. खरोखर पळाला. पण पाऊस ओसरला, रस्ता वाळू लागला, आणि खटारा ती खटाराच. आधी एकाने त्याला गाठलं, मग दुसऱ्याने. लल्ला तिसरा. मागे दूल्हेराजा, केस विस्कटलेला, सुडाने पेटलेला. शेवटचे काही फेरे उरले होते आणि लाइट गेली.

अशी किंकाळी प्रेम नगराने यापूर्वी ऐकली नसेल. टीव्ही काळा. कूलर बंद. मी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना त्यावरच शर्यत लावून दिली. पण तळहाताएवढा पडदा, खोलीच्या चार कोपऱ्यांतून कसा दिसणार?

"अब?" भाभी म्हणाल्या.

बाईंनी आमच्याकडे बघितलं, मग उंबऱ्यावर अजून एका बुटात उभ्या असलेल्या भावाकडे. त्यांच्या मनात काय लढाई झाली असेल ती देवच जाणे. मग त्या खाटेवर थोड्या सरकल्या आणि शेजारची जागा थोपटून म्हणाल्या, "हला. सगळे हला. बापू, ये इकडे, तुला चष्मा लागलाय ना, पुढे बस."

आम्ही चौघं त्या खाटेवर एकमेकांना चिकटून बसलो. गाड्या मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. बापूंना शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते "कुठला आपला? निळा? अरे निळ्या, दाबून धर!" असं ओरडत होते. दूल्हेराजा शेजारी आला. दोघं चाकाला चाक लावून शेवटच्या वळणात शिरले, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. नेट गेलं.

आम्ही त्या चक्राकडे बघत राहिलो. बाईंनी बापूंचं मनगट धरलं होतं, आणि बापूंचे ओठ कसलंसं स्तोत्र पुटपुटत होते. मग चित्र आलं. एक उंच दाढीवाला माणूस गाडीच्या नाकावर उभा राहून रडत होता आणि निळ्या कपड्यांतली सगळी माणसं त्याच्यावर तुटून पडली होती.

"काय झालं? सांग ना, काय बोलतोय तो?" बाईंनी मला गदागदा हलवलं.

"तिसरा," मी म्हटलं. "तिसरा आला! नाकाच्या शेंड्याने!"

त्यानंतर त्या अंधाऱ्या, भट्टीसारख्या खोलीत जे झालं ते नीट सांगता येणार नाही. भाभी वाटी वाजवत नाचल्या. मी नाचले. बापूंनी मिठाईचा डबा फोडून दिसेल त्याच्या तोंडात बर्फी कोंबली; भाभींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना दोनदा. शेजारपाजारचे लोक मोबाइलचे दिवे घेऊन धावत आले, कोणाला वाटलं बाईंना काही झालं, कोणाला वाटलं भारत जिंकला, आणि कारण कळल्यावरही कोणी परत गेलं नाही. बाई मात्र खाटेवर बसूनच होत्या. त्या हसल्या, आणि मग हसता हसता त्यांना रडू आलं. बापू त्यांच्यापुढे खाली बसले. "अक्का," ते म्हणाले, "मी मागे वळून बघायला हवं होतं."

बाईंनी त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली. "जेवून जा. पुढच्या रविवारी रेस नाहीये. येईन मी."

बारशाला त्या गेल्या. बाळाला पाळण्यात घालताना बायकांनी गोंधळ केला तेव्हा त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, आणि बापूंनी त्या ओळीत पहिला नंबर लावला, असं भाभींनी मला सांगितलं.

पुढच्या वर्षी लल्लाला त्याच्या टीमने काढून टाकलं. मला वाटलं बाई खचतील. पण त्या म्हणाल्या, "त्याची आई खूश असेल. घरी जेवायला मिळेल पोराला." आणि नव्या हंगामात सगळ्यात मागे कोण आहे ते बघायला बसल्या.

माझी बदली होऊन आता बराच काळ झाला. इथे सांगलीत मला शर्यती आवडतात हे कोणाला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या एकटीने बघायला आवडत नाहीत. पण कधी कधी रविवारी संध्याकाळी बाईंचा फोन येतो. "लावलंस का?" एवढंच विचारतात आणि फोन खाटेवर ठेवून विसरून जातात. मग मला इतक्या लांबून बाई आणि बापू ऐकू येतात: कोण चुकला, कोणी ब्रेक उशिरा लावला, यावरून कडाक्याचं भांडण, मध्येच कूलरचा आवाज, बापूंची छोटी नात काहीतरी मागत असते आणि बाई तिला बोबड्या झाशी-मराठीत समजावत असतात. माझ्याशी कोणीच बोलत नाही. मी टीव्ही बंद करते, आवाज वाढवते, आणि गरम होणारा फोन कानाशी तसाच धरून बसते.